फिल्टर आणि वॉश: रणगाड्याच्या मॉडेलवरचे दोन पातळ रंग

वेदरिंगच्या, म्हणजे मॉडेल वापरलेलं-मळलेलं दाखवायच्या, सामानात सगळ्यात जास्त गल्लत होते ती फिल्टर आणि वॉशची. दोन्ही पातळ, दोन्ही बहुधा इनॅमलचे, दोन्ही बेस कोट, म्हणजे गाडीचा मूळ रंग, वाळल्यावर ब्रशने लावायचे. बाटली हलवून उजेडात धरली तर दोन्हींत गढूळ तपकिरी पाणीच दिसतं. त्यामुळे एकाच्या जागी दुसरं सर्रास वापरलं जातं आणि मग मॉडेलवर डाग का पडले, किंवा अख्खा रणगाडा मळकट का झाला, याचं उत्तर सापडत नाही. फरक थोडक्यात असा: फिल्टर रंग बदलतो, वॉश आकार दाखवतो. फिल्टरचं काम सपाट भागावर, वॉशचं काम खाचाखोचांत. बाटलीवर काय छापलंय यापेक्षा ब्रशवर किती माल आहे आणि खालचा पृष्ठभाग कसा आहे, यावर जास्त अवलंबून असतं.

उदाहरणाला 1/35 मापाचा अमेरिकन शर्मन घेऊ, एम4ए1. (1/35 हे विचित्र माप आलं ते तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या, मोटरवर चालणाऱ्या पँथर रणगाड्यामुळे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तो काढला, तेव्हा आत बॅटऱ्या मावल्या पाहिजेत या हिशोबाने मॉडेलचा आकार ठरला आणि पुढे सगळ्या जगाने तेच माप उचललं.) शर्मन निवडायचं कारण म्हणजे तो बहुतेक वेळा एकाच रंगात असतो, ऑलिव्ह ड्रॅब हा मळकट हिरवट रंग. एकरंगी गाडीवर या दोन गोष्टींचा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. शिवाय आपल्याकडे शर्मन परका नाही. 1965 च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला भारताच्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे शर्मन पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांसमोर उभे होते.

आधी फिल्टर. साधारण शंभर भागांत पाच भाग रंग आणि बाकी सगळं थिनर, इतकं ते पातळ असतं. कागदावर एक थेंब टाकला तर कागद जेमतेम रंगतो. ते संपूर्ण पृष्ठभागावर एकसारखं फिरवायचं असतं. खालचा रंग झाकला जात नाही, फक्त त्याची छटा सरकते: थोडी उबदार, थोडी थंड, थोडी पिवळट. पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात तसंच हे. नीळ नीट मिसळली तर शर्ट निळा दिसत नाही, पांढराच वेगळा दिसतो. आणि न मिसळता ओतली तर डाग पडतात, ते पुढच्या चार धुण्यांत जात नाहीत.

ब्रश रुंद आणि चपटा घ्या. फिल्टरमध्ये बुडवला की फडक्यावर किंवा टिश्यूवर टेकवून त्यातला निम्म्याहून जास्त ओलावा काढून टाका. ब्रश टेकवल्यावर पृष्ठभाग ओलसर दिसला पाहिजे, ओला नाही. कुठेही थेंब साचता कामा नये. साचलेला थेंब वाळताना रंगाचे कण कडेला ढकलतो आणि तिथे गोल काठ उमटतो, चहाच्या कपाखाली उमटतो तसा. हा काठ म्हणजे फिल्टर वॉशसारखा लावल्याची खूण. एका थराने फरक कमी वाटला तर तो पूर्ण वाळू द्या आणि मग दुसरा द्या. एकाच थरात काम उरकायच्या नादात जास्त माल ओतला की हमखास काठ पडतात.

आता रंग कुठला? इथे थोडा वेळ थांबावंसं वाटतं, कारण फिल्टरची खरी गंमत इथेच आहे. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅब मुळात काळा आणि पिवळी ऑकर यांच्या मिश्रणातून बनायचा. हिरवट दिसतो, पण त्यात हिरवा रंग नाही. त्यामुळे ऑकरचा पातळ फिल्टर त्यावर फार स्वाभाविक बसतो. उन्हात उतरलेल्या, धुळीत फिरलेल्या गाडीचा भास होतो. त्याच बेसवर निळसर राखाडी फिल्टर दिला तर तीच गाडी ढगाळ हवेतली, थंड दिसते. तपकिरी दिला तर जड आणि जुनी. बेस कोट एकच, पण तीन गाड्या वेगळ्या. जर्मन गाड्यांवर 1943 च्या फेब्रुवारीपर्यंत जो गडद राखाडी होता, त्याच्यावर निळा फिल्टर आजही खूप जण देतात, कारण तो राखाडी मॉडेलवर नुसताच काळा आणि मेलेला दिसतो. त्यानंतरच्या गडद पिवळ्यावर हिरवे-तपकिरी पट्टे मारलेले असतात. तिथे फिल्टरचा वेगळा उपयोग होतो: तिन्ही रंगांवरून एकच पातळ तपकिरी थर फिरला की रंगांमधला तुटकपणा जातो आणि पट्टे एकाच गाडीचे वाटू लागतात. एअरब्रशने कितीही सफाईने मारलेलं कॅमोफ्लाज असलं तरी हा थर त्याला हवाच, असं माझं ठाम मत आहे.

वॉशकडे वळू. हा थोडा दाट असतो, शंभरात साधारण दहा ते वीस भाग रंग, आणि त्याचा सगळा भरवसा केशाकर्षणावर. बोल्टच्या मुळाशी बारीक ब्रशचं टोक टेकवलं की द्रव आपोआप बोल्टभोवती फिरतो आणि खाचेत जाऊन बसतो. तुम्ही त्याला ओढत नाही, तोच जागा शोधतो. म्हणून वॉशला ब्रश लागतो तो बारीक, टोकदार आणि भरलेला. फिल्टरच्या अगदी उलट.

एम4ए1 च्या पुढे नाकाखाली बघा. सुरुवातीच्या गाड्यांवर ट्रान्समिशनचं झाकण तीन तुकड्यांचं असायचं, आणि ते तुकडे जोडणाऱ्या दोन उभ्या पट्ट्यांवर बोल्टांच्या रांगा. बेस कोटनंतर हे बोल्ट नुसते टेंगळांसारखे दिसतात, कारण 1/35 मापात त्यांची सावली इतकी लहान पडते की डोळ्याला पकडताच येत नाही. वॉश ती सावली रंगाने भरून देतो. प्रत्येक बोल्टच्या मुळाशी एक टिपका, पट्टी आणि झाकण यांच्या कोपऱ्यातून एक रेघ. दहा-वीस मिनिटं थांबा. मग स्वच्छ ब्रश थिनरमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा करा आणि बाहेर सांडलेला वॉश पुसून घ्या. उभ्या भागावर हा ब्रश नेहमी वरून खाली ओढायचा. उरलेला रंग मग पावसाच्या ओघळासारखा खाली उतरतो आणि आडवी पुसट रेघ राहत नाही. एवढं झाल्यावर बोल्ट झाकणावर चिकटवल्यासारखा न दिसता झाकणात बसवलेला दिसतो.

अशा नेमक्या जागी टेकवायच्या वॉशला पिन वॉश म्हणतात आणि आजकाल बहुतेकांच्या मनात वॉश म्हणजे हाच असतो. 1980 च्या दशकात तसं नव्हतं. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांच्या कामाने जी पद्धत घराघरांत पोहोचली, तिच्यात पातळ गडद वॉश सगळ्या गाडीवर फिरवायचा आणि वाळल्यावर उंच भागांवर फिक्या रंगाचा कोरडा ब्रश मारायचा. त्या पद्धतीत एकच द्रव छटाही बदलायचा आणि खाचाही भरायचा. आजची गल्लत बऱ्याच अंशी तिथून आलेली आहे. जुने लेख वाचून कोणी ‘वॉश सगळीकडे लावा’ म्हणालं तर ते त्या काळाच्या अर्थाने बरोबर असतं, पण आजच्या दाट तयार वॉशच्या बाटलीने तसं केलं तर गाडी चिखलात बुडवून काढल्यासारखी होते.

वॉश काळा घेऊ नका. ऑलिव्ह ड्रॅबवर गडद तपकिरी, वाळवंटी पिवळ्यावर मध्यम तपकिरी, हिवाळी पांढऱ्यावर फिकट राखाडी-तपकिरी. शुद्ध काळा खाचांमध्ये शाईने आखल्यासारखा दिसतो.

रंगाच्या प्रमाणाइतकाच निर्णायक मुद्दा आहे पृष्ठभागाच्या चकाकीचा, आणि याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. त्याच्यावर वॉशचा थेंब टेकवला तर तो खाचेत न जाता चहूबाजूंना पसरतो, आणि पुसायला गेलात तर डाग राहतोच. ग्लॉस वॉर्निशवर तोच थेंब सरळ खाचेत घसरतो आणि बाहेरचा भाग स्वच्छ पुसला जातो. फिल्टरचं उलटं आहे. ग्लॉसवर तो धरत नाही, गोळा होऊन थेंब बनतात. त्याला थोडी पकड लागते. म्हणून मधला मार्ग म्हणजे सॅटिन, म्हणजे अर्धवट चकाकीचा वॉर्निश. डीकल (खुणा-आकड्यांची पातळ चित्रं) लावायच्या जागी आधी ग्लॉस, नाहीतर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी चमक येते. डीकल बसले की सगळ्यावर सॅटिनचा एक थर, मग फिल्टर, एक-दोन दिवस वाळू द्यायचं, आणि नंतर पिन वॉश. फिल्टर डीकलनंतर देण्याचा फायदा शर्मनवर लगेच दिसतो: बाजूचा पांढरा तारा कोरा करकरीत राहत नाही, गाडीसोबत तोही ऑकरकडे झुकतो. मॅट वॉर्निश सगळ्यात शेवटी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात स्प्रेचा मॅट वॉर्निश दमट हवेत पांढुरका पडतो, तेव्हा उघाडीचा दिवस बघूनच तो मारा.

शर्मनच्याच अंगावर या दोघांची सीमारेषा पुसट होते. एम4ए1 चा सांगाडा ओतीव होता, वेल्ड केलेल्या एम4 किंवा एम4ए3 सारखा सपाट पत्र्यांचा नाही. चांगली किट ओतकामाचा खरबरीतपणा दाखवतात, किंवा आपण प्लास्टिकवर सिमेंट लावून कडक ब्रशने टोचून तो आणतो. आता या खरबरीत अंगावर वॉश फिरवला तर प्रत्येक बारीक खळगा भरतो. खळगे सगळीकडे असल्यामुळे अख्खा सांगाडा एका छटेने गडद होतो, आणि वॉश नकळत फिल्टरचं काम करून बसतो, तेही हाताबाहेर जाऊन. म्हणून ओतीव अंगावर वॉश फक्त झाकणांच्या कडा, उचलण्याच्या कड्या, बोल्ट आणि जोडांपुरता ठेवा, आणि छटा बदलायची तर ती फिल्टरनेच बदला. वेल्ड केलेल्या सांगाड्यावर ही अडचण नाही. तिथे वेल्डिंगच्या रेघा पिन वॉशसाठी जणू आखूनच दिलेल्या असतात.

ट्रॅकवरही (चाकांभोवती फिरणाऱ्या साखळपट्ट्यांवर) एक गल्लत दिसते. शर्मनच्या पुष्कळ ट्रॅकना रबराचे ठोकळे असत. त्यांच्यावर गंजाचा नारिंगी वॉश ओतलेला पाहिला की वाईट वाटतं. रबर गंजत नाही. गंज आणि घासलेला पोलादी रंग फक्त दोन्ही टोकांच्या जोडण्यांवर. रबराला धुळीच्या रंगाचा पातळ फिल्टर पुरतो.

दोन्ही गोष्टी घरीही बनवता येतात, आणि माझ्या मते त्या एकदा तरी घरी बनवाव्यात, कारण मग फरक हाताला कळतो. कॅमलच्या ऑइल कलरच्या ट्यूब कुठल्याही बऱ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. बर्न्ट अंबर, यलो ऑकर आणि थोडा काळा, एवढ्यात शर्मनचं सगळं भागतं. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून तास-दोन तास ठेवा. जास्तीचं तेल पुठ्ठा शोषून घेतो, नाहीतर वाळल्यावर चमकदार चट्टे दिसतात. मग तो व्हाइट स्पिरिटमध्ये विरघळवा. जास्त पातळ केला की फिल्टर, थोडा कमी केला की वॉश. खाली ॲक्रिलिक किंवा लॅकरचा बेस नीट वाळलेला असला तर व्हाइट स्पिरिट त्याला धक्का लावत नाही. फर्निचरवाले वापरतात तो एनसी थिनर मात्र चुकूनही नको, तो रंगासकट प्लास्टिकही विरघळवतो. आणि वॉश सस्पेन्शनच्या जोडांत भरभरून सोडू नका. ताणाखाली असलेल्या, आतून न रंगवलेल्या प्लास्टिकमध्ये थिनर मुरलं की ते ठिसूळ होऊन तडकतं, आणि बोगी (चाकांची जोडी धरणारा भाग) निखळते.

खऱ्या गाडीचा अभ्यास करायला महाराष्ट्रात अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, 1994 मध्ये सुरू झालेलं. तिथे सेंच्युरियन, विजयंत, पॅटन हाताच्या अंतरावरून बघता येतात. वॉशसाठी ही जागा अप्रतिम आहे: वेल्डिंगची रेघ किती जाड असते, बोल्टभोवती घाण कुठे साचते, पाणी कुठल्या कडेवरून ओघळतं, हे सगळं तिथे दिसतं. छटेसाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नका. प्रदर्शनातल्या गाड्या पुन्हा पुन्हा रंगवलेल्या असतात, त्यामुळे रणांगणावर रंग कसा उतरला होता हे त्यांच्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या काळातली छायाचित्रं बघा. कृष्णधवल असली तरी धुळीने फिका पडलेला वरचा भाग आणि गडद राहिलेला खालचा भाग त्यांत ओळखता येतो.

मॉडेलला हात लावण्याआधी किटमधल्या न वापरलेल्या झाकणावर किंवा प्लास्टिकच्या चमच्यावर तोच बेस कोट, तोच सॅटिन मारून दोन्ही मिश्रणं लावून बघा. फिल्टरचा निकाल लगेच ठरवू नका, ओला असताना तो नेहमीच गडद दिसतो. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा. काठ पडलेले दिसले आणि दिवस फारसे झाले नसतील, तर व्हाइट स्पिरिटने ओलसर केलेला चपटा ब्रश त्या भागावरून हलकेच फिरवा. ऑइल कलर हळू वाळतो, त्यामुळे काठ बहुतेक वेळा विरून जातो.