शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती: तुरुंग टळला म्हणून डाग जात नाही

आमदाराच्या शिक्षेला स्थगिती मिळाल्याची बातमी आली की कार्यकर्ते गुलाल उधळून मोकळे होतात. मग त्याची आमदारकी गेल्याची अधिसूचना निघाली की तेच कार्यकर्ते विचारतात, कोर्टाने स्थगिती दिली असताना हे झालंच कसं? यात बेकायदा काही नसतं. स्थगिती मिळालेली असते ती शिक्षेला. आमदारकी जाते ती दोषसिद्धीमुळे, म्हणजे कोर्टाने दोषी ठरवल्यामुळे, आणि तिला कोणी हात लावलेला नसतो.

फौजदारी खटल्यात न्यायाधीश आधी आरोपी दोषी आहे की नाही ते ठरवतात. दोषी ठरला, तर शिक्षेवर दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून शिक्षा सुनावतात. दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकाच निकालपत्रात असतात, म्हणून त्या एकच वाटतात. वरच्या कोर्टात अपील दाखल झाल्यावर मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

शिक्षेच्या स्थगितीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा भोगायला लावू नका आणि जामिनावर सोडा, एवढीच ती मागणी असते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 389 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 430 मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर अपील करायला वेळ मिळावा म्हणून शिक्षा सुनावणारं कोर्टच सहसा तात्पुरती स्थगिती देतं. अपिलं वर्षानुवर्षं पडून राहतात. तोवर छोटी शिक्षा भोगून झालेली असेल, तर अपील जिंकूनही काय उपयोग? म्हणून कमी मुदतीच्या शिक्षेत ही स्थगिती बऱ्यापैकी सहज मिळते.

दोषसिद्धीची स्थगिती हे वेगळंच प्रकरण आहे. कायद्यात ती सरळ शब्दांत लिहिलेलीही नाही. ‘ज्या शिक्षेविरुद्ध किंवा आदेशाविरुद्ध अपील आहे त्याची अंमलबजावणी’ थांबवता येते, एवढंच कलम म्हणतं. दोषसिद्धीमुळे एखादी अपात्रता ओढवत असेल तर त्या दोषसिद्धीलाही यात स्थगिती देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये रामा नारंग प्रकरणात सांगितलं. गंमत अशी की खुद्द नारंग यांना त्याचा फायदा झाला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या अपिलात निकालाच्या अंमलबजावणीला मोघम स्थगिती दिली होती. ती दोषसिद्धीलाही लागू आहे, म्हणून आपण कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक राहू शकतो, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. दोषसिद्धीमुळे नेमकं काय नुकसान होणार आहे हे उच्च न्यायालयापुढे मांडलंच नव्हतं, मग त्यावर विचार झाला असं कसं म्हणायचं?

माझ्या मते या सगळ्या विषयात वकिलाला विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे: अर्जात दोषसिद्धीला स्थगिती स्वतंत्रपणे मागितली आहे का, आणि ती न मिळाल्यास काय कायमचं हातचं जाईल ते लिहिलं आहे का? नुसतं ‘बदनामी होते’ म्हणून भागत नाही. ती प्रत्येकच दोषीची होते.

हा फरक सगळ्यात ठळक दिसतो तो राजकारण्यांच्या बाबतीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8(3) प्रमाणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की दोषी ठरल्याच्या तारखेपासून अपात्रता लागते आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं राहते. पूर्वी विद्यमान खासदार-आमदारांना अपिलासाठी तीन महिन्यांचं कवच होतं, ते लिली थॉमस प्रकरणात 10 जुलै 2013 रोजी रद्द झालं. राहुल गांधींना 23 मार्च 2023 रोजी सुरतच्या कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी ती 30 दिवसांसाठी स्थगितही केली. तरी 24 मार्चला लोकसभा सचिवालयाने त्यांना अपात्र ठरवलं. 4 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि 7 ऑगस्टला खासदारकी परत मिळाली. इकडे सुनील केदार यांना नागपूर जिल्हा बँक प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, पण दोषसिद्धी तशीच राहिल्याने 2024 ची विधानसभा त्यांना लढवता आली नाही.

ही स्थगिती कोणाला मिळेल याचं गणित मांडता येत नाही. 2007 मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंना मिळाली आणि ते अमृतसरची पोटनिवडणूक लढले. संजय दत्तला 2009 मध्ये लखनौमधून उभं राहायचं होतं, त्याला नाकारली गेली. दत्तचा शस्त्र कायद्याखालचा गंभीर गुन्हा आणि सिद्धूंच्या हातून रस्त्यावरच्या भांडणात अचानक घडलेला प्रकार कोर्टाने एका पंक्तीत बसवले नाहीत.

सरकारी नोकराची गोष्ट आणखी कठीण. संविधानाच्या कलम 311 प्रमाणे, ज्या वर्तनासाठी फौजदारी कोर्टाने दोषी ठरवलं त्यावरून खातं चौकशीशिवायही बडतर्फ करू शकतं. ‘माझी शिक्षा स्थगित आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. आणि लाचखोरीत दोषी ठरलेल्याच्या दोषसिद्धीला एरवी स्थगिती देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये के. सी. सरीन प्रकरणात बजावलं आहे.

दोषसिद्धीला स्थगिती म्हणजे नाव कोरं झालं, असंही नाही. दोषसिद्धी असतेच, फक्त तिचे परिणाम तेवढ्यापुरते थांबतात. काही देशांत बरीच वर्षं सरळ वागल्यावर जुनी नोंद पुसण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. आपल्याकडे प्रौढांसाठी तशी सर्वसाधारण सोय नाही. अल्पवयीन असताना घडलेल्या गुन्ह्यात बाल न्याय कायद्याचं कलम 24 अपात्रतेतून वाचवतं. परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडलेल्यालाही 1958 च्या परिवीक्षा कायद्याचं कलम 12 अपात्रतेपासून संरक्षण देतं, पण नोकरीतली खात्याची कारवाई त्याने आपोआप टळत नाही. बाकीच्यांना अपिलात निर्दोष सुटावं लागतं. अपील फेटाळलं गेलं, तर दोन्ही स्थगित्या त्याच दिवशी संपतात.