डार्टमूर लाँगहाऊस

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन परगण्यातील डार्टमूर या ग्रॅनाइटच्या पठारावरचे पारंपरिक शेतघर. माणसांचे राहते घर व गुरांचा गोठा येथे एकाच लांब छपराखाली असतात. आज उभी असलेली घरे सामान्यतः चौदाव्या ते सतराव्या शतकांतील मानली जातात. मात्र पुढच्या पिढ्यांनी त्यांत इतकी भर घातली आहे की एका घराला एकच काळ देणे फसवे ठरते.

घराची लांबी उताराच्या दिशेने असते. वरच्या अंगाला दालन व आतली खोली, खालच्या अंगाला गोठा (स्थानिक नाव ‘शिपन’) आणि मध्ये समोरासमोर दोन दारे असलेला आरपार बोळ. मूळ रचनेत माणसे व गुरे एकाच दाराने ये-जा करीत. गोठ्याला वेगळे दार बहुधा नंतरचे. गोठ्याच्या मधोमध दगडी गटार असून मलमूत्र टोकाच्या भिंतीतील भोकातून आपोआप बाहेर जाते. गुरे लांब भिंतींकडे तोंड करून बांधीत. दाव्याचे खांब भिंतीलगतच्या दगडांतील खाचांत बसवीत. उजेड-वाऱ्यासाठी अरुंद फटी, वर वैरणीचा माळा. गुरांच्या उबेसाठी ही रचना झाली, असे नेहमी सांगितले जाते. हिवाळ्यात बाहेर न पडता गुरांची देखभाल करता यावी, हे कारण अधिक पटण्याजोगे आहे.

उगमाचा प्रश्न वादग्रस्त आहे. डार्टमूरवरील हाउंड टॉर येथील ओसाड वस्तीचे उत्खनन पुरातत्त्वज्ञ मिंटर यांनी १९६० च्या दशकात सुरू केले. अहवाल पुरातत्त्वज्ञ बेरेसफोर्ड यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. दगडी घरांखालील खुंट-खळग्यांचा (लाकडी खुंट रोवल्याने जमिनीत उरलेल्या खुणांचा) अर्थ बेरेसफोर्ड यांनी एकापाठोपाठ एक बांधलेली गवताळ ढेकळांच्या भिंतींची घरे असा लावून वस्ती सॅक्सन काळापर्यंत (१०६६ च्या आधीपर्यंत) मागे नेली. ऑस्टिन व वॉकर या अभ्यासकांनी १९८५ मध्ये यास हरकत घेतली. तेथील खापरे प्रामुख्याने तेराव्या-चौदाव्या शतकांतील असल्याने ही हरकत वजनदार वाटते. वस्ती उठण्यामागे हवामान की १३४८ नंतरची महामारी, याबाबतही एकमत नाही.

भिंती माळावर सुटे पडलेले ग्रॅनाइटचे धोंडे मातीच्या किंवा चुन्याच्या गाऱ्यात रचून उभारीत. छप्पर गवती पेंढ्याचे. दालनात आरंभी उघडी चूल असे. काही घरांच्या वाशांवर व शाकारणीच्या तळथरावर तिची काजळी अजून टिकून आहे, आणि जुनेपणाचा हा भरवशाचा पुरावा होय. धुराडे व वरचा मजला सोळाव्या-सतराव्या शतकांत आले. धुराड्याची पाठ बहुधा बोळाकडे असते.

छप्पर गळू लागले की पाणी भिंतीच्या गाभ्यात उतरते, माती वाहून जाते आणि भिंतीला फुगवटा येतो. दगडांमधील सांधे सिमेंटने भरल्यास आतली ओल कोंडते. ग्रॅनाइट ओल शोषत नसल्याने ती आतल्या बाजूस पाझरते. वरच्या टोकाला भिंतीबाहेर साचलेली माती वेळोवेळी न उपसल्यास आतली खोली कायम दमट राहते. गोठ्याचे राहत्या खोलीत रूपांतर करताना गटार बुजते व फटींच्या खिडक्या होतात. त्यामुळे अविकृत गोठे थोडेच उरले आहेत. पाउंड्सगेटजवळील हायर अपाकॉटचा गोठा त्यांपैकी एक असून ते घर डार्टमूर राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाने विकत घेतले होते.