डबल झालेल्या कॉन्ट्रॅक्टची आखणी (ब्रिज)

प्रतिपक्षाने डबल दिलेले (म्हणजे ‘जमणार नाही’ म्हणून गुण व दंड वाढवलेले) कॉन्ट्रॅक्ट (बोलीत ठरलेले, किती हात म्हणजे फेऱ्या जिंकायच्या याचे लक्ष्य) खेळताना, डमीची (जोडीदाराची, टेबलावर मांडलेली) पाने उघडल्यावर डिक्लेअररने (डाव खेळणाऱ्याने) करावयाचा हिशेब.

डबलची प्रथा कॉन्ट्रॅक्ट ब्रिजहून (ब्रिजच्या आजच्या रूपाहून) जुनी. लंडनमध्ये १८८६ साली छापलेल्या ‘बिरिच’ या ब्रिजच्या पूर्वज खेळाच्या नियमपत्रकात डबल व रीडबल (डबलला दिलेला उलट डबल) दोन्ही आढळतात. पत्रक या खेळाला रशियन व्हिस्ट म्हणते. तथापि तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये रुळला होता याचे पुरावे पाहता तुर्की उगमाचा पक्ष अधिक सबळ वाटतो. बोली लावण्याची पद्धत १९०३ च्या सुमारास हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी काढली असे सामान्यतः मानतात. कॉन्ट्रॅक्टसदृश एक खेळ पुण्यातही १९१२ च्या सुमारास खेळला जाई, पण आजची गुणपद्धती मुख्यतः हॅरल्ड व्हँडरबिल्टची (१९२५).

नॉन-व्हल्नरेबल (वाढीव दंडाच्या स्थितीत, म्हणजे व्हल्नरेबल, नसलेल्या) जोडीला डबलमध्ये एक, दोन, तीन हात कमी पडल्यास अनुक्रमे १००, ३००, ५०० गुणांचा दंड होतो. चौथ्यापासून प्रत्येक हाताला ३०० वाढतात (१९८७ पूर्वी २००). म्हणून आखणीचे लक्ष्य दर वेळी कॉन्ट्रॅक्ट पुरे करणे हेच नसते. प्रतिपक्षाचा व्हल्नरेबल चार बदाम (६२० गुण) होणारच होता, तर त्यावर चढवलेल्या डबल चार इस्पिकात आपण नॉन-व्हल्नरेबल असता तीन डाउन (तीन हात कमी) हा फायदा, चार डाउन (८००) हा तोटा.

दंडापेक्षा डबलने मिळणारी माहिती मोलाची, हे मात्र अनेक पाठ्यपुस्तके ओझरतेच सांगतात. हातात हुकमाची एक्का-गुलाम-१०-६-३, डमीत राजा-९-५-४ अशी पाने असून राणी बाहेर असली, तर एरवी एक्का-राजा वाजवून राणी पाडणे फिनेसहून (राणी ठरावीक बाजूला आहे असे धरून तिला चुकवून खेळण्याहून) किंचित बरे. फरक दोन टक्क्यांहूनही कमी. हुकमाच्या बळावर दिलेला डबल हा फरक सहज उलटवतो. राणी डबल देणाऱ्याकडे धरावी. तो डावीकडे असल्यास हातातून गुलाम चालवून राणी न आल्यास डमीतून लहान पान टाकावे. चारही हुकूम त्याच्याकडे निघाले तरी एकही हात जात नाही. स्लॅमवरील (बारा किंवा तेरा हातांच्या कॉन्ट्रॅक्टवरील) डबलचा अर्थ निराळा: थिओडोर लाइटनर यांच्या संकेतानुसार तो जोडीदाराकडे अनपेक्षित उतारी मागतो, बहुधा कटासाठी (ते पान हुकमाने मारण्यासाठी). तेथे हुकूम लवकर काढणे श्रेयस्कर.

गोव्यात चवथीच्या रात्री रंगणाऱ्या पत्त्यांच्या बैठकींत हा हिशेब क्वचितच लागतो. तो क्लबांतल्या टेबलांचा. पैशांवरच्या रबर ब्रिजमध्ये डबलचा दंड थेट खिशाला लागतो. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा, १९७६ निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. रमीविषयीच्या १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ब्रिजचा दाखला दिला होता: पाने वाटण्यात दैव असले, तरी तेवढ्याने खेळ दैवाधीन ठरत नाही.