कासवाचं अंडं उलटं का करायचं नाही?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं समुद्राकडे निघाली की बघायला गर्दी होते. त्या गर्दीत कोणीतरी हमखास म्हणतं, "अंडी उचलायची, कुंपणात पुरायची. कोंबडीची अंडी उबवण्यासारखंच!" कोंबडीशी केलेली ही तुलनाच मुळात चुकीची आहे.

कोंबडी आपली अंडी दिवसातून कितीदा तरी फिरवते. न फिरवल्यास आतले पडदे टरफलाला चिकटतात आणि पिल्लू दगावू शकतं. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन पीळदार दोऱ्यांवर टांगलेला असतो. अंडं कसंही फिरलं, तरी बलक गिरकी घेतो आणि भ्रूणाची बाजू वर येते. कासवाच्या अंड्यात हे दोरेच नाहीत. तिथे पडद्याने चिकटणं हीच जगण्याची अट आहे.

मादीच्या पोटात प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे अंड्यातल्या भ्रूणाची वाढ अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर थांबलेली असते. अंडी वाळूत पडली, हवा मिळाली, की ती पुन्हा सुरू होते. भ्रूण बलकाच्या माथ्यावर येतो आणि बलकावरचा पडदा टरफलाच्या आतल्या बाजूला चिकटतो. बाहेरून तिथे पांढुरका ठिपका दिसतो. त्या जागेचं पाणी आटल्याने टरफल कोरडं पडतं आणि कोरड्या टरफलातून प्राणवायू सहज आत शिरतो. म्हणजे भ्रूण स्वतःच्या डोक्यावर खिडकीच उघडतो! आता अंडं उलटं झालं, तर कोवळे पडदे फाटतात किंवा बलकाचा भार भ्रूणावर येतो. पहिल्या काही तासांत हलवलेली अंडी बहुधा तगतात, पण साधारण १२ तास उलटले की धोका झपाट्याने वाढतो.

म्हणून कासवमित्र, म्हणजे कासवांची अंडी राखणारे कार्यकर्ते, पहाटेच्या अंधारात किनारा चालतात. मादीच्या पावलांचा माग काढायचा, घरटं शोधायचं, शंभराच्या आसपास अंडी एकेक करून, वरची बाजू वरच ठेवून काढायची आणि कोल्ह्याकुत्र्यांपासून सुरक्षित अशा हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोल, सुरईच्या आकाराच्या खड्ड्यात ठेवायची. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ मध्ये वेळासला हे काम सुरू केलं आणि ते गावकऱ्यांनी पेललं. ज्या किनाऱ्यावर पूर्वी अंडी खाण्यासाठी उकरली जात, तिथलीच माणसं आता राखण करतात.

हॅचरीची जागाही विचार करून निवडावी लागते. वाळूचं तापमान साधारण २९-३० अंशांच्या वर गेलं की माद्या जास्त निपजतात, खाली राहिलं की नर.

 

मोसमात साधारण ४५ ते ६० दिवसांनी पुरलेल्या जागेवरची वाळू किंचित खचते. मग कासवमित्र त्या जागेवर झाकलेली टोपली उचलून पाहतात. खाली इवल्या काळ्या डोक्यांची वळवळ सुरू झालेली असते.