मार्स्ट्रांड, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर

मार्स्ट्रांड हे स्वीडनच्या बोहुसलेन भागातलं छोटंसं बंदराचं गाव आहे, योतेबोरीपासून (म्हणजे आपण गोथेनबर्ग म्हणतो ते शहर) रस्त्यानं पन्नासेक किलोमीटर. गाव दोन बेटांवर वसलंय, कूऑन आणि मार्स्ट्रांडसऑन. जुनं जे काही आहे, किल्ला, चर्च, लाकडी घरं, ते सगळं मार्स्ट्रांडसऑनवर. बारा महिने राहणारी माणसं तेराशेच्या आसपास, पण जुलैमध्ये धक्क्याला शिडाच्या बोटी एकीला एक खेटून अशा लागतात की पाणी दिसत नाही.

दोन बेटांमध्ये पूल नाही. कूऑनला गाडी ठेवायची, किंवा योतेबोरीहून बसनं यायचं, आणि फेरीबोटीनं पलीकडे जायचं. दोन-तीन मिनिटांत पोचतो आपण. बेटावर प्रवाशांच्या गाड्या नाहीत आणि माझ्या मते या गावाचं निम्मं सुख यातच आहे, पावलांचे आवाज, सीगल पक्ष्यांचा कलकलाट आणि डोलकाठ्यांवर दोऱ्या आपटण्याचा टकटक आवाज, एवढंच कानावर येतं.

गाव वसवलं ते तेराव्या शतकात, नॉर्वेचा राजा होकुन होकुनसन याच्या काळात, कारण हा सगळा किनारा तेव्हा स्वीडनचा नव्हताच, नॉर्वेचा आणि पुढे डेन्मार्क-नॉर्वेचा होता. फ्रान्सिस्कन साधूंचा मठही इथं होता. जागा निवडली तीच मुळी हुशारीनं, बंदराला उत्तर आणि दक्षिण अशी दोन तोंडं आहेत त्यामुळे वारा कुठूनही असो आत शिरता येतं, आणि हिवाळ्यात जिथं बाकीची बंदरं गोठायची तिथं हे बहुतेक वेळा उघडं राहायचं.

पण मार्स्ट्रांडचं नशीब घडवलं आणि बिघडवलं ते हेरिंगनं. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा. बोहुसलेनच्या किनाऱ्यावर हा मासा काही दशकं प्रचंड थव्यांनी येतो आणि मग अचानक येईनासा होतो, मग कितीतरी पिढ्या जातात. १५५० च्या दशकापासून तीसेक वर्षं असा सुकाळ झाला तेव्हा मार्स्ट्रांड भरभराटीला आलं. मग मासा गेला आणि गाव सुकलं. पुन्हा १७४७ च्या सुमाराला आला तो थेट १८०८-०९ पर्यंत टिकला आणि या वेळी मासा नुसता खारवून पिंपांत भरत नव्हते, मोठमोठ्या कढयांत उकळून त्याचं तेल काढत होते, त्या तेलावर युरोपातल्या शहरांतले रस्त्यावरचे दिवे जळायचे. उकळून उरलेला चोथा लोक सरळ समुद्रात ढकलायचे. खाडीचा तळ त्या घाणीनं भरला, वास सुटायचा, आणि यामुळेच मासा पळेल का नाही यावर तेव्हाच जोरदार वाद झाला, १७८४ मध्ये त्याची कागदपत्रं छापून प्रसिद्धही झाली. प्रदूषणाचा वाद इतका जुना असेल असं वाटत नाही, पण आहे.

तोवर हा किनारा स्वीडनकडे आला होता, आणि याच दुसऱ्या सुकाळात स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा यानं १७७५ मध्ये मार्स्ट्रांडला मुक्त बंदर केलं. जकात माफ, परदेशी व्यापाऱ्यांना मोकळीक, धर्माचं स्वातंत्र्य, आणि कर्ज बुडवून आलेल्यांनाही आसरा. स्वीडनमध्ये तेव्हा लूथरन (म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट पंथाचे) ख्रिस्ती सोडून दुसऱ्या कुणाला सहज राहू देत नसत, तरी इथं ज्यू कुटुंबं येऊन राहिली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या ज्यू वस्त्यांपैकी ही एक. हे सगळं १७९४ ला बंद झालं, जेमतेम वीस वर्षं चाललं.

आता किल्ला. १६५८ च्या डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या रोस्किल्ड तहात बोहुसलेन स्वीडनकडे आलं आणि राजा कार्ल दहावा गुस्ताव यानं लगेच बेटाच्या माथ्यावर किल्ला बांधायला घेतला, त्याच्याच नावावरून कार्लस्टेन. फेरीबोटीतून मान वर केली की तो करडा गोल बुरूज दिसतो, अख्खं गाव त्याच्या पायाशी. १७१९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा नौदल अधिकारी टॉर्डेनशोल यानं तो घेतला. आपल्याकडे माणसं जास्त आहेत असं भासवायला त्यानं तेच ते शिपाई गल्लीबोळांतून फिरवून पुन्हा पुन्हा उभे केले अशी दंतकथा आहे. खरं-खोटं काही असो, किल्लेदार डांकवार्ट यानं किल्ला सोडला आणि त्यासाठी स्वीडननं त्याचं डोकं उडवलं. पुढच्याच वर्षी तह होऊन किल्ला परत मिळाला.

हा किल्ला बांधला कैद्यांनी. पायात बेड्या घालून दगड फोडायचे, वाहायचे, अशी शिक्षाच होती. सगळ्यात प्रसिद्ध कैदी लासे-माया, खरं नाव लार्स मोलिन, बाईच्या वेषात चोऱ्या करणारा चोर. चर्चमधली चांदी चोरल्याबद्दल जन्मठेप झाली, १८१३ पासून पंचवीस-एक वर्षं इथं काढली. स्वयंपाक उत्तम करायचा म्हणून त्याला दगड फोडण्याऐवजी अधिकाऱ्यांच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, तुरुंगातूनच त्याची आत्मकथा छापली गेली ती खूप खपली, आणि शेवटी राजानं माफी दिली.

गाईड लोक लासे-मायाची गोष्ट रंगवून सांगतात, पण मला विचाराल तर या किल्ल्यात थांबून आठवायला हवी ती मेट्टा फॉक. नवरा आणि दोन मुलांना विष दिल्याचा तिच्यावर आरोप होता आणि ती नाही म्हणत होती. तेव्हाच्या कायद्यानं कबुलीशिवाय मृत्युदंड देता येत नसे, म्हणून कबूल करेपर्यंत तिला कार्लस्टेनला ठेवलं. लिहायला काही मिळत नव्हतं तर तिनं कापडाचे तुकडे एकमेकांना शिवून त्यावर सुईदोऱ्यानं अक्षर न् अक्षर भरत आपली कैफियत लिहिली. टाक्या-टाक्यानं भरलेलं ते पत्र आज स्टॉकहोमच्या नॉर्डिस्का म्युझियमकडे आहे. शेवटी तिनं कबूल केलं आणि १८१० मध्ये तिचा शिरच्छेद झाला.

हेरिंग गेल्यावर मार्स्ट्रांडनं तिसरा धंदा शोधला, समुद्रस्नान. एकोणिसाव्या शतकात खाऱ्या पाण्यात डुंबणं औषध मानलं जायचं, श्रीमंत लोक उन्हाळाभर येऊन राहायचे, ऑस्कर दुसरा हा राजा तर वर्षानुवर्षं यायचा. आज गल्ल्यांमध्ये जी पांढरी, फिक्या रंगाची, कोरीव लाकडी व्हरांड्यांची घरं दिसतात ती बरीचशी त्या काळातली. आता जोर शिडाच्या बोटींवर आहे, उन्हाळ्यात मोठ्या शर्यती होतात.

बघायला गेलात तर फक्त धक्क्यावरच्या हॉटेलांत बसून परत येऊ नका. बेटाला चक्कर मारणारी पायवाट आहे, आरामात चाललं तर दोनेक तास. पश्चिमेला झाडं संपतात आणि हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेला उघडा खडक लागतो, ओला असला की पाय सटकतो. वाटेत नोल्सयोगात म्हणजे ‘सुईचं नेढं’ नावाची खडकातली फट आहे, अंग चोरून, बाजूनं सरकतच तिच्यातून निघावं लागतं. खायला कोळंबी रचलेला उघडा सँडविच, मुरवलेलं हेरिंग, आणि सप्टेंबरच्या शेवटी शेवंड पकडायचा हंगाम सुरू होतो तेव्हा शेवंड. गर्दी नको असेल तर तोच महिना धरा, थंडी असते पण किल्ल्यावरून नजर लांब जाते, पश्चिमेला हामनेशेर बेटावरचा लाल लोखंडी दीपस्तंभ दिसतो. १८६८ मध्ये पेटलेल्या त्या दिव्याचं नाव पातेर नोस्तेर, म्हणजे ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना, कारण तिथल्या खडकांमधून जहाज नेताना खलाशी ती म्हणायला लागायचे.