भाऊचा धक्का

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माझगाव भागात असलेला प्रवासी व मासेमारी धक्का. सरकारी कागदोपत्री 'फेरी व्हार्फ'. पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून उपयोग नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्ष्मण हरिश्चंद्र ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनी समुद्रात भराव घालून हा धक्का बांधला. कुलाब्याच्या तोफगाडी कारखान्यात कारकुनी करणाऱ्या माणसाने पदरमोड करून उतारूंची सोय केली, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. मूळ धक्का आजच्या जागेच्या दक्षिणेस होता. पुढे गोद्या आणि भराव वाढत गेले, धक्का माझगावला सरकला; नाव मात्र भाऊंचेच राहिले.

कोकणाला या धक्क्याची खरी ओळख आगबोटीमुळे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत बोट थेट पणजी गाठायची. बहुतेक बंदरांत ती किनाऱ्याला लागतच नसे. खोल पाण्यात उभ्या बोटीतून ट्रंका, वळकट्या, तान्ही पोरे हातोहात पडावात उतरवली जात आणि पडाव हेलकावे खात किनाऱ्याला येई. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. गिरणीतल्या चाकरमान्याला गावी जायचे तर मेअखेरच्या आत जावे लागे. रस्ते सुधारले, एसटी गावोगाव पोचली आणि बोटीचे उतारू आटले. 1980 च्या दशकाअखेर गोव्याची नियमित बोट थांबली. कोकण रेल्वेला आगबोट बुडवल्याचा दोष दिला जातो, पण ती पूर्णपणे सुरू झाली 1998 मध्ये. तोवर बोट केव्हाच गेली होती.

17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येला, येथून अलिबाग तालुक्यातल्या रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ वादळात उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला बातमी कळायला संध्याकाळ उजाडली. जे वाचले त्यातल्या अनेकांना रेवसकडच्या कोळ्यांनी पाण्यातून ओढून काढले.

आगबोट गेल्यावर धक्क्यावर राज्य मासळीचे झाले. पहाटे ट्रॉलर लागतात, बर्फातल्या मासळीच्या पाट्या वर येतात आणि लिलाव पुकारले जातात. सुरमई, बांगडा, कोळंबी, माकूल असा माल इथून शहरभरच्या बाजारांत आणि निर्यातीच्या कारखान्यांत जातो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत नौका ओळीने बांधून ठेवलेल्या असतात; जाळी दुरुस्त करणे आणि रंगरंगोटी तेव्हाच उरकतात.

मार्च 2020 मध्ये शेजारी मांडव्याची रो-रो सेवा सुरू झाली. तेव्हा रस्त्याने शंभर किलोमीटरहून लांब पडणारे अंतर मोटारीसकट तासाभरात कापता येते. तिचा गिऱ्हाईक मुख्यतः अलिबागेत बंगला किंवा सुट्टी असणारा. रेवस आणि उरणजवळच्या मोरा बंदराच्या लाँचींचा उतारू वेगळा: नोकरदार, भाजीवाल्या, विद्यार्थी. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, तरी ज्याच्याकडे गाडी नाही त्याला लाँचच परवडते. खाडीत गाळ साचल्याने मोऱ्याच्या फेऱ्या ओहोटीला रद्द होतात, म्हणून नेहमीचे उतारू घड्याळाआधी भरतीची वेळ पाहतात.