‘भांडू द्या, आपोआप जुळेल’ हा सल्ला मांजरांना लागू नाही

नाशिकमध्ये सिडको असो की गंगापूर रोड, घरात दुसरं मांजर आणलं की सल्ला ठरलेला: "भांडू दे दोन दिवस, आपोआप जुळतं." हा समज चुकीचा आहे आणि त्यात मांजरांचे हाल होतात.

मांजर एकट्याने शिकार करणारा प्राणी. भांडणानंतर समेट करण्याची फारशी रीत त्याच्याकडे नाही. पहिल्याच भेटीत पंजे निघाले, तर ती भीती महिनोन्महिने टिकू शकते.

म्हणून नव्याला आधी वेगळी, बंद खोली द्या आणि ओळख वासाने होऊ द्या. मऊ फडकं त्याच्या गालावर हलकेच फिरवा (तिथे गंधग्रंथी असतात) आणि जुन्याच्या ताटलीपासून थोडं दूर ठेवा. जुनं मांजर ते हुंगून निवांत खायला लागलं की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. मग दार फटीएवढं उघडा. फिसकारलं, तर एक पायरी मागे. कुणाला आठवडा लागतो, कुणाला दोन महिने.

नाशिकच्या थंडीत बाल्कनीतल्या उन्हावरूनही वाद होतात. बसायच्या उबदार जागा दोन करा. शी-शूचे ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त, तेही वेगवेगळ्या कोपऱ्यांत. एक मांजर पॅसेज अडवून बसतं, दुसरं लघवी रोखून धरतं, आणि मारामारी नाही म्हणून आपण खूश! मला ही गप्प दहशतच जास्त घातक वाटते. बोका ट्रेमध्ये कुंथतोय पण लघवी होत नाही असं दिसलं, तर तातडीने डॉक्टरकडे न्या.